वरच्या वर्गांतील मुले आणि गुप्तरोगांचे ज्ञान

प्राथमिक शाळेच्या सातव्या-आठव्या इयत्तेत बसणारी मुले साधारणतः बारा ते चौदा वर्षांची असतात. बालपण सरत आलेले आणि प्रौढपण अद्याप दूर, असा हा काळ होय. मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते. मुलींना मासिक पाळी सुरू होते. या फेरफारांबरोबर मनात अनेक प्रश्न उभे राहतात. ते विचारावयाचे कोणाला, हे मात्र मुलांना ठाऊक नसते.

खरूज, हिवताप, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस यांची माहिती शिक्षक वर्गात निःसंकोचपणे देतात. रोग कशाने होतो, कसा पसरतो, कसा टाळावा आणि झाल्यास कोठे जावे, ही चार उत्तरे मुलांना पाठ असतात. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या रोगांचे नाव निघाले, की मात्र तोच शिक्षक घाईने पान उलटतो. यामागे दुष्टपणा नसतो; मुलांची निरागसता जपावी, असाच हेतू असतो. परंतु त्यामुळे मूल अजाण राहत नाही. ते दुसऱ्याकडून शिकते. एसटी स्थानकालगतच्या भिंतीवर रंगविलेली ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात ते रोज वाचते. मोठ्या मुलांच्या कुजबुजीतून काही कानावर येते, आणि हल्ली घरोघरी आलेल्या मोबाइलवर वाटेल ते दिसते. शाळा गप्प राहिली, की शिकविण्याचे काम या तिघांकडे जाते.

नावाचा इतिहास

‘गुप्तरोग’ या शब्दातच अडचणीचे मूळ आहे. जो रोग लपवून ठेवावयाचा, त्यावर औषध वेळेवर कसे मिळणार? सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ नावाच्या रोगाचे वर्णन आहे आणि त्यावर चोपचिनी हे औषध सांगितले आहे. पश्चिम किनाऱ्यावर फिरंगी लोकांची जहाजे येऊ लागली त्या काळातले हे नाव. ज्याला उपदंश किंवा गरमी म्हणतात, तोच हा रोग. युरोपातही निराळे घडले नाही. इटलीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक तो इटलीतील नेपल्सचा म्हणत. रोगाला परक्याचे नाव दिले, की तो आपल्या घरचा नाही असे समाधान मिळते. परंतु रोग काही नाव पाहून घर निवडीत नाही. हल्ली वैद्यकात ‘लैंगिक संसर्ग’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यात कोणावर दोष नाही आणि लपविण्याचा संकेतही नाही. वर्गात हाच शब्द वापरणे इष्ट.

रत्नागिरी जिल्ह्याचा वारसा

या विषयावर मराठीत उघडपणे बोलण्याची सुरुवात करणारे गृहस्थ याच जिल्ह्याचे होते, हे येथील शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. ते स्वतः शिक्षक होते, आणि गणित हा त्यांचा विषय होता. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक लिहिले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते पदरमोड करून चालविले.

या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांना दंड भरावा लागला. प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे, एवढाच काय तो अपराध होता. शिक्षकाचे तर नित्याचे कामच ते आहे.

विरोध त्या काळापुरता मर्यादित राहिला असेही नाही. केंद्र शासनाने शाळांसाठी आखलेला कुमारवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत विरोधामुळे थांबविण्यात आला. पुढे वातावरण हळूहळू निवळले. जानेवारी २०१४ मध्ये दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. २०२०च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करावे अशी योजना झाली, आणि प्रजननस्वास्थ्य व एचआयव्ही-प्रतिबंध हे विषय त्यात समाविष्ट झाले.

शिक्षकाला स्वतःला काय ठाऊक असावे

शरीरसंबंधातून पसरणारे जंतू तिसाहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांतील आठ विशेष महत्त्वाचे मानले जातात. उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांवर योग्य औषधाने पूर्ण इलाज होतो. कावीळ-ब, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे चार विषाणूजन्य संसर्ग होत. त्यांतील कावीळ-ब व एचपीव्ही यांवर प्रतिबंधक लस आहे. एचआयव्ही व हर्पिस औषधाने आटोक्यात राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात पहिल्या चार, म्हणजे बऱ्या होणाऱ्या संसर्गांची सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. औषध उपलब्ध असूनही रोग इतका पसरतो, याचे एक मोठे कारण असे की रोगी दवाखान्यात येतच नाहीत.

जननेंद्रियावर व्रण किंवा फोड येणे, असाधारण स्राव होणे, लघवीस आग होणे, जांघेत अवधाण येणे, ओटीपोटात दुखणे, ही सामान्य लक्षणे. परंतु अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, काहीच लक्षण दिसत नाही. उपचार न झाल्यास पुढे वंध्यत्व येऊ शकते. गर्भवतीला उपदंश असल्यास गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे किंवा रोग घेऊन जन्मणे असे अनर्थ घडतात. एचपीव्हीचा संसर्ग दीर्घकाळ राहिल्यास गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवू शकतो.

उपदंशाचे एक वैशिष्ट्य शिक्षकाने नीट समजून घ्यावे. त्याचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधावाचून आपोआप भरून येतो. तेवढ्यात रोग्याने एखाद्या भोंदू वैदूची पुडी घेतलेली असली, तर गुण त्या पुडीचाच आला असे त्याला वाटते. वैदूची कीर्ती पसरते आणि रोग शरीरात दबा धरून राहतो. कित्येक वर्षांनी तो हृदय किंवा मेंदू यांवर उलटतो. पेनिसिलिनने हा रोग १९४३ पासून बरा करता येतो. भिंतीवरच्या जाहिराती आजही का चालतात, याचे उत्तर या एका गोष्टीत बरेचसे सापडते.

वर्गात शिकविण्याचा क्रम

पहिला पाठ रोगाचा नसावा. तो शरीराचा असावा. अवयवांची नावे प्रमाण मराठीत, नाक-कानाच्या नावांइतक्याच सहजतेने सांगावीत. पाळी, पांढरे जाणे, झोपेत वीर्य जाणे या गोष्टी वाढीच्या वयात स्वाभाविक आहेत, हे स्पष्ट सांगावे. झोपेत वीर्य जाण्याला लोक ‘स्वप्नदोष’ म्हणतात. परंतु त्यात दोष कोणताच नाही. ‘धातू जाऊन’ आपण खंगणार, या भीतीने कित्येक मुले मनातल्या मनात कुढतात आणि वैदूंच्या हाती सापडतात. स्राव दुर्गंधीयुक्त असल्यास, खाज किंवा वेदना असल्यास मात्र आरोग्य केंद्रात दाखवावे. अशी प्रत्येक तक्रार लैंगिक संसर्गाचीच असते असेही नाही.

दुसऱ्या पाठात संसर्ग डोळ्यांना दिसत नाही हे दाखवावे. त्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. आठ मुलांना पाण्याचे अर्धे भरलेले आठ पेले द्यावेत. त्यांपैकी एका पेल्यात धुण्याचा सोडा विरघळविलेला असावा. तो कोणता हे कोणालाही सांगू नये. सहा मुलांनी जोड्या करून आपापले पाणी एकत्र ओतावे व पुन्हा अर्धे-अर्धे वाटून घ्यावे. जोडीदार बदलून असे तीन वेळा करावे. उरलेल्या दोघांनी आपला पेला कोणाच्याही पाण्यात मिसळू नये. सोड्याचा पेला या दोघांकडे जाणार नाही, एवढे शिक्षकाने पाहावे. शेवटी प्रत्येक पेल्यात हळदीने रंगविलेल्या कागदाची पट्टी बुडवावी. जेथे सोडा पोहोचला तेथे पिवळी पट्टी लाल होते. एका पेल्यातून तो किती पेल्यांत गेला, हे मुले मोजतात. आणि सर्व पाणी दिसावयास सारखेच होते, हेही त्यांना उमगते. पाणी कोणी पिऊ नये व नंतर हात धुवावेत.

या प्रयोगात एक धोका आहे. एका भांड्यातले पाणी प्याल्याने हे रोग होतात, असा उलटा अर्थ मुले काढू शकतात. म्हणून पट्ट्या रंगल्याबरोबर शिक्षकाने स्पष्ट करावे की पेल्यातील पाणी हे शरीरसंबंधात एकमेकांशी येणाऱ्या स्रावांचे केवळ प्रतीक आहे. तसेच ज्याची पट्टी लाल झाली त्या मुलाची थट्टा होऊ देऊ नये. सोडा त्याने मागून घेतला नव्हता. रोग्याचेही पुष्कळदा तसेच असते.

तिसऱ्या पाठात चार उत्तरे द्यावीत. कशाने होतो, याचे उत्तर जंतूने. पापाने किंवा शापाने नव्हे. कसा पसरतो, तर मुख्यतः शरीरसंबंधातून. त्यांतील काही संसर्ग दूषित रक्त व सुया यांतून आणि मातेकडून बाळाला होतात. कसा टाळावा, याविषयी या वयाच्या मुलांना सांगावे की शरीरसंबंध ही प्रौढ वयाची व जबाबदारीची गोष्ट आहे, कोणाच्याही आग्रहास किंवा धमकीस बळी पडू नये, आणि न उकळलेली सुई किंवा दुसऱ्याचे ब्लेड वापरू देऊ नये. इंजेक्शनाची सुई प्रत्येक वेळी नवीच असावी. निरोधाविषयी मुलाने विचारल्यास उत्तर टाळू नये. त्याच्या योग्य वापराने संसर्गाचा धोका बराच कमी होतो, एवढे सरळ वाक्य पुरे आहे. कोठे जावे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात. कुमारवयीनांसाठीच्या शासकीय सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. एचआयव्हीविषयी १०९७ या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते. औषधाचा क्रम अर्धा सोडू नये, दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत, आणि पतिपत्नींपैकी एकाला संसर्ग असल्यास दोघांचीही तपासणी व्हावी, हेही याच पाठात यावे.

शाळेत बाई असल्यास मुलींचा पहिला पाठ त्यांनी स्वतंत्र घ्यावा. दोनशिक्षकी शाळेत दोघेही गुरुजी असल्यास आरोग्यसेविका किंवा आशाताई यांना बोलवावे. पुढचे पाठ मुलामुलींना एकत्र दिल्यास परस्परांविषयी आदर वाढतो. तथापि गावाची रीत पाहून शिक्षकाने निर्णय घ्यावा. वर्गाच्या कोपऱ्यात एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची मुभा असली, की जे प्रश्न तोंडाने कधी येणार नाहीत ते कागदावर येतात. चिठ्ठीचे अक्षर ओळखू आले तरी ओळख दाखवू नये. उत्तर माहीत नसल्यास ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखरच विचारून सांगावे.

हासेगावचा धडा

अज्ञानाची किंमत नेहमी रोग्यालाच मोजावी लागते असे नाही. कित्येकदा ती निष्पाप मुलांना मोजावी लागते. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी ‘सेवालय’ ही संस्था चालते. २००९ साली या मुलांनी गावच्या शाळेत बसण्यास पालकांनी विरोध केला. आपल्या मुलांना लागण होईल, ही त्यांची भीती होती. शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने, एका नळावर पाणी प्याल्याने, खेळल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. एवढी एक गोष्ट त्या पालकांना त्यांच्या शाळेच्या दिवसांत शिकविली गेली असती, तर तो प्रसंग कदाचित आलाच नसता.

कोकणातील कित्येक घरांचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत चाकरी करीत आला, आणि शिमग्याला नि गणपतीला तेवढा घरी आला. घरापासून दीर्घकाळ दूर राहणाऱ्या माणसांना या रोगांचा धोका अधिक असतो, हे जगभर दिसून आले आहे. म्हणून असे मूल आपल्या शाळेत येणारच नाही, असे कोणत्याही शिक्षकाने धरून चालू नये. शासकीय केंद्रांत एचआयव्हीवरील औषधे एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेणारे मूल इतरांसारखे शिकते, खेळते व मोठे होते. २०१७च्या एचआयव्हीविषयक कायद्याने अशा मुलाला प्रवेश नाकारण्यास किंवा भेदाने वागविण्यास मनाई केली आहे. मुलाच्या रोगाची माहिती शिक्षकाला मिळाली, तरी ती हजेरीपटावर किंवा चहाच्या वेळच्या गप्पांत येता कामा नये.

मूल काही सांगू लागले तर

या पाठांनंतर एखादे मूल एकटे थांबून आपल्यावर झालेल्या अत्याचाराविषयी बोलू लागण्याचा संभव असतो. आतापर्यंत त्याच्यापाशी त्यासाठी शब्द नव्हते. ते आता मिळालेले असतात. शिक्षकाने शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये, आणि ‘तुझी यात काही चूक नाही’ असे सांगावे. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र कदापि देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. २०१२च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाच गुन्हा ठरतो. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. गावात बोभाटा होईल, शाळेचे नाव खराब होईल, म्हणून प्रकरण आपसांत मिटविण्याचा आग्रह होईल. संशयित मनुष्य गावातला वजनदार असेल, नातलग असेल, क्वचित शाळेतलाच असेल. त्या वेळी शिक्षकाची बाजू एकच, ती मुलाची.

पालकांस कसे सांगावे

पाठ सुरू करण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीपुढे व पालकसभेत विषय मांडावा. वर्गात जे सांगावयाचे ते आधी पालकांना वाचून दाखवावे. लपविण्यासारखे काही नाही, हे त्यामुळे आपोआप सिद्ध होते. आरोग्य केंद्राचे डॉक्टर सभेला आल्यास उत्तमच. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात घेतल्यास विशेष गुणकारी असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस भारतातच तयार केली आहे. मुलींच्या मातांना हे सांगावे व अधिक चौकशी आरोग्य केंद्रात करण्यास सुचवावे. आईच्या मनाला भिडणारी ही गोष्ट असते आणि तेथून पुढचे बोलणे सोपे होते.

‘अशा शिक्षणाने मुले बिघडतील’ हा आक्षेप हमखास येईल. त्याचे उत्तर रागाने देऊ नये. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ साली शाळांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधाकडे वळतात, असे त्या आढाव्यात आढळले नाही. उलट कित्येक ठिकाणी ती अधिक सावध झाल्याचे दिसले. पालकांना याहूनही जवळचा प्रश्न विचारता येईल. मुलाला असे काही दुखणे झालेच, तर त्याने आधी कोणाकडे यावे असे त्यांना वाटते? बहुतेक आईबाप ‘आमच्याकडे’ असेच म्हणतील. तसे घडावयाचे असेल, तर हा विषय घरात आणि शाळेत बोलता येतो, हे मुलाला आधी कळलेले असावे लागते.

वर्षाअखेरीस या पाठांचे यश गुणपत्रिकेत दिसणार नाही. जंतूंची नावे मुले विसरतीलही. परंतु पुढे कधी अडचण आली असता भिंतीवरची जाहिरात ओलांडून एखादा मुलगा किंवा मुलगी सरळ आरोग्य केंद्राची पायरी चढली, तर हे पाठ कामी आले असे समजावे.